वैद्यकीय विद्यार्थी आणि व्हॉट्सॲप

इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले. त्याचे मूळ १८७८ च्या मेडिकल स्कूलमध्ये आहे. (पणजीचे मेडिकल स्कूल १८४२ चे, म्हणजे त्याहूनही छत्तीस वर्षांनी जुने.) होळकर संस्थानच्या अखेरच्या सत्ताधीशांचे नाव धारण करणारे महाराजा यशवंतराव रुग्णालय या महाविद्यालयाशी संलग्न आहे. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत एका खाटेभोवती विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहतो आणि मागच्या रांगेतल्यांना रुग्ण धड दिसतही नाही. राहून गेलेली ती चर्चा संध्याकाळी मोबाइलवर पुढे सरकते.

२०१९ साली देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने स्वयंअध्ययनाला वेळापत्रकात स्वतंत्र तास दिले. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि सूचनाफलकाचे काम करणारे गट अध्यापनाचेही साधन बनले. पद्धत साधी आहे. शिक्षक एखादा क्ष-किरणपट किंवा ईसीजी दोन ओळींच्या माहितीसह गटावर टाकतात, विद्यार्थी निदान सुचवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणे होते. मध्य प्रदेशात २०२२ पासून एमबीबीएसची पुस्तके हिंदीतही निघाली. छोट्या गावातून आलेल्या, भर वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारायला बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला मोडक्यातोडक्या मिश्र भाषेत शंका लिहिणे सोपे जाते. या साधनाचा सर्वात मोठा लाभ बहुधा हाच असावा.

गुणांच्या बाबतीत मात्र फार मोठी अपेक्षा धरू नये. नाशिकच्या ‘एमव्हीपी जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हॉट्सॲपवरून शिकणारे आणि व्याख्यान ऐकणारे यांच्या ज्ञानवृद्धीत लक्षणीय फरक आढळला नाही. शिक्षक केव्हाही उपलब्ध असतात ही सोय विद्यार्थ्यांना आवडली. संदेशांचा पूर आणि डोळ्यांवरचा ताण यांची तक्रारही त्यांनीच केली.

तांत्रिक मर्यादा लहान वाटतात, पण त्या निदानावर परिणाम करतात. व्हॉट्सॲप छायाचित्राचा आकार कमी करून पाठवते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालील पेशींचे बारकावे पुसट होतात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर मूळ दर्जा टिकतो. टेलिग्रामवर मोठ्या फाइली सहज जातात, पण तेथील गटांतील संवाद टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो.

खरा प्रश्न रुग्णाचा आहे. शिकण्यासाठी काढलेले जखमेचे छायाचित्र शंभर-दोनशे मोबाइलमध्ये जाते, आणि त्या प्रत्येक मोबाइलमधून ते पुढे जाऊ शकते. कूटबद्धता प्रवासातील संदेशाचे रक्षण करते. मित्राने घेतलेल्या स्क्रीनशॉटवर तिचा इलाज नाही. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यास डॉक्टरांच्या वर्तनासंबंधीच्या २००२ च्या विनियमांनी मनाई केली आहे. विद्यार्थ्यांच्या गटाला तांत्रिकदृष्ट्या ‘प्रसिद्धी’ म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण खाटेवरच्या माणसाला त्या वादाचा काही उपयोग नाही. त्याची संमती घ्यावी, आणि चेहरा, नाव, केसपेपरचा क्रमांक व गोंदण झाकूनच चित्र पाठवावे. गटावर आलेली छायाचित्रे मोबाइलच्या गॅलरीत आपोआप साठणार नाहीत, अशी सोय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आहे. ती गट सुरू होतानाच प्रत्येकाकडून करवून घेतलेली बरी.