लिफ्टच्या तेलाला फेस : गोष्ट १९३९ पासूनची

मंडळी, लिफ्ट थरथरली, डिपस्टिकवर फेस दिसला की सगळे पंपालाच दोष देतात. पण मूळ जुनं हाय. हॅरी फर्ग्युसननं १९३९ च्या फोर्ड ९एनमध्ये लिफ्टचा पंप गिअरपेटीच्या तेलातच बुडवला. एकच तेल, गिअरलाही आन् लिफ्टलाही. आटोपशीर काम! १९६० च्या दशकात मद्रासच्या टॅफेमधून तीच रीत मॅसी फर्ग्युसनसंगं आपल्याकडं आली. बागेतले कितीतरी छोटे ट्रॅक्टर आजही गिअरपेटीतलंच तेल लिफ्टला वापरतात.

म्हणून तेल उतरलं किंवा पंपाच्या ओढीकडची ओ-रिंग गेली, की तेलात हवा शिरते. पंप खोलायच्या आधी औजार खाली टेकवून, इंजिन बंद करून पातळी बघा, जोड तपासा. बुडबुडे रातभरात बसतात. सकाळीही तेल दुधासारखं दिसलं, तर पाणी शिरलंय, तेल बदलाच.