तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे गाणे

ज्या गायनप्रकाराला आज डू-वॉप म्हणतात, त्याचे कूळ शोधू जाता आपण प्रथम एका अभावापाशी येऊन पोहोचतो. न्यूयॉर्क, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस या नगरांच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील ज्या मुलांपाशी वाद्ये विकत घेण्याइतका पैसा नव्हता, परंतु चर्चमधील सामुदायिक गायनाने ज्यांचे कान बालपणीच तयार झाले होते, त्यांनी नाक्यावर, जिन्याखाली, शाळेच्या बोळांत, जेथे जेथे भिंती आवाज परतवून देत तेथे तेथे, चौघापाचांनी जमून कंठाचेच वाद्य केले. एकाने खर्ज चालवावा, एकादोघांनी मधल्या पट्टीत स्वरमेळ धरून ठेवावा, एकाने सर्वांच्या वरून तारस्वर न्यावा आणि मुख्य गायकाने पुढे उभे राहून शब्द म्हणावेत, अशी ती वहिवाट होती. तराण्यात निरर्थक भासणारी अक्षरे जशी लयीला आकार देतात, तशीच येथे मागच्या गायकांची अक्षरे देतात. मात्र तराण्यात ती स्वतःच गाणे असतात आणि येथे ती दुसऱ्याच्या गाण्याला आधार असतात.

या वहिवाटीचे पूर्वज ध्वनिमुद्रिकांवर स्पष्ट ऐकू येतात. ओहायो राज्यातील पिक्वा गावच्या चार मिल्स बंधूंनी 1931 साली ‘टायगर रॅग’ मुद्रित केले, तेव्हा तुतारीपासून ट्यूबापर्यंत सारा वाद्यवृंद त्यांनी मुखाने इतका हुबेहूब उभा केला, की एका गिटारीखेरीज कोणतेही वाद्य येथे वापरलेले नाही, असा खुलासा कंपनीला त्यांच्या तबकड्यांच्या लेबलावर छापावा लागला. पुढे 1939 साली ‘इंक स्पॉट्स’ यांनी ‘इफ आय डिडन्ट केअर’मध्ये बिल केनीचा तारस्वर आणि हॉपी जोन्सचे खर्जातील संथ बोलणे समोरासमोर ठेवले. परंतु नाक्यावरच्या मुलांना आपलेसे वाटले ते 1948 सालचे ‘ओरिओल्स’ यांचे ‘इट्स टू सून टू नो’. बाल्टिमोरच्या या वृंदात सनी टिल जणू कोणी ऐकतच नाही अशा एकांत स्वरात गातो, आणि मागचे आवाज त्याला आग्रह न करता सांभाळून घेतात. पक्ष्यांची नावे घेतलेल्या ‘रेव्हन्स’ आणि ओरिओल्स या वृंदांनंतर इतर वृंदांनाही तशीच नावे देण्याची जी लाट आली, तीच त्यांच्या प्रभावाची साक्ष आहे.

संग्राहकाने अवश्य ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट मला येथे नमूद करावीशी वाटते. या परंपरेतील तीन सर्वोत्तम गाणी मुळात तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर, म्हणजे मालकांचा भरवसा ज्या बाजूवर नव्हता तिथे, छापली गेली. ब्रॉंक्सच्या ‘कॉर्ड्स’ यांचे ‘शबूम’ (1954), लॉस एंजेलिसमध्ये एका गॅरेजात मुद्रित झालेले ‘पेंग्विन्स’ यांचे ‘अर्थ एंजल’ (1954) आणि ‘फाइव्ह सॅटिन्स’ यांचे ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ (1956) ही ती तीन होत. यांतील तिसऱ्याचे मुद्रण कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात झाले. गाणे रचणारा व गाणारा फ्रेड पॅरिस तेव्हा सैन्यात होता. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला ते सुचले. त्या तळघराचा घुमारा तबकडीत जसाच्या तसा उतरला आहे. मुख्य स्वर किंचित खाली उतरतो, मागच्या अक्षरांचे आवर्तन मात्र अढळ फिरत राहते, मध्येच सॅक्सोफोन येऊन जातो, आणि ऐकणाऱ्याला गायक किती अंतरावर उभे आहेत हेसुद्धा कळते. सुसज्ज स्टुडिओत हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

याच काळात एक अन्यायही घडला, आणि त्याची नोंद केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कॉर्ड्सचे ‘शबूम’ लोकप्रिय होत आहे असे दिसताच टोरांटोच्या ‘क्रू कट्स’ या श्वेतवर्णीय वृंदाने मर्क्युरी कंपनीसाठी ते पुन्हा गायिले आणि अग्रस्थान पटकावले. ‘अर्थ एंजल’ही त्यांनी असेच पुन्हा गायिले. मूळ आणि नक्कल अशा दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ लावाव्यात. नकलेत सूर चोख आहेत, परंतु मागच्या आवाजांतला तो परस्परांना चिमटे काढणारा खेळ हरवला आहे.

शिकागोच्या चेस कंपनीसाठी ‘मूनग्लोज’ यांनी मुद्रित केलेले ‘सिन्सिअरली’ (1954) कारागिरीसाठी ऐकावे. त्यात मागचे गायक स्वर नुसता लावत नाहीत, तर श्वासाबरोबर मायक्रोफोनवर फुंकतात, त्यामुळे त्यांचा मेळ सुषिर वाद्यासारखा भासतो. तेरा वर्षांच्या फ्रँकी लायमनचे ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ (1956) आणि ब्रॉंक्समधील बेलमाँट अ‍ॅव्हेन्यूवरून नाव घेतलेल्या इटालियन वंशाच्या मुलांचे, ‘डिऑन अँड द बेलमाँट्स’चे, ‘आय वंडर व्हाय’ (1958) ही उत्साहाची गाणी. परंतु एकच तबकडी घ्यावयाची असेल, तर ती ‘फ्लेमिंगोज’ यांच्या ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’ची (1959). 1934 च्या एका चित्रपटगीताला त्यांनी इतके मंद आणि प्रतिध्वनींनी इतके ओले केले, की मूळ चाल जवळजवळ विसरावी लागते. ‘मार्सेल्स’ यांच्या ‘ब्लू मून’मध्ये (1961) तर खर्जाचा गायकच सर्वांआधी, एकटा, दारात येऊन उभा राहतो.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या दुकानगल्लीत अर्व्हिंग रोझ नावाचे गृहस्थ ‘टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स’ हे दुकान चालवीत, आणि बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्यांसाठी तरुण मुले तेथे गर्दी करीत. रोझ यांनी न्यू हेवनच्या ‘नटमेग्ज’ यांची वाद्यांविना झालेली तालमीची मुद्रणेही प्रसिद्ध केली. नव्या श्रोत्याने वरील सर्व गाणी ऐकून झाल्यावर ती मिळवावीत. मुख्य गायकाकडे पहिल्या खेपेस दुर्लक्ष करून केवळ खर्जाचा माग धरावा, आणि दुसऱ्या खेपेस मधल्या दोन आवाजांचा.