नजाशीच्या दरबारात पाचवीचा वर्ग

इस्लामचा इतिहास आमच्या मुलांना पाठ असतो, पण बहुधा सनावळीपुरता. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना मला हे दरवर्षी जाणवते. म्हणून हबशाच्या हिजरतीचा धडा वर्गात दरबार भरवून घ्यायचे ठरवले. हे कळताच एक पालक आले. म्हणाले, "टीचर, सहाबांची सोंगं घेणार का मुलं?"

त्यांची शंका रास्त होती. पैगंबरसाहेब (स.) आणि सहाबा यांची भूमिका कोणी करू नये, हा अदब मलाही मान्य आहे. मी त्यांना सांगितले, "मुले फक्त दरबारी होतील."

मक्केतील छळामुळे इ.स. 615 पासून काही मुसलमान तांबडा समुद्र ओलांडून हबशात, म्हणजे अक्सूमच्या राज्यात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्यांना परत आणण्यासाठी कुरैशांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना चामड्याच्या भेटवस्तू देऊन पाठवले. वकिलांनी आधी दरबाऱ्यांना भेटी देऊन आपल्या बाजूला वळवले. दरबारी म्हणाले, यांना परत करावे. नजाशीने मात्र आधी त्यांचे ऐकायचे ठरवले. हजरत जाफर यांनी बाजू मांडली, सूरह मरयमच्या आयती ऐकवल्या. राजाला रडू कोसळले. त्याने भेटी परत केल्या आणि आश्रय कायम ठेवला. ही हकीकत तिथे हजर असलेल्या हजरत उम्मे सलमा यांच्याकडून आपल्यापर्यंत पोचली आहे.

वर्गात मी आधी सगळ्यांना गोळ्या वाटल्या. मग वकिलांचे म्हणणे वाचून दाखवले आणि निकाल विचारला. बहुतेक हात "परत पाठवा" म्हणून वर झाले. एका मुलीने गोळी मुठीत तशीच ठेवली होती. ती म्हणाली, "पण त्यांना कुणी विचारलंच नाही."

मग हजरत जाफर यांचे बयान वाचले. वर्ग गप्प झाला. शेवटी एक मुलगा हळूच म्हणाला, "टीचर, मी तर गोळी खाल्ली. आता परत कशी देऊ?"

दुसऱ्याने विचारले, "अम्र वाईट होते ना?" पुढे तेच मुसलमान झाले, मिसर जिंकणारे सेनापती झाले, हे सांगितले तेव्हा मुले चकित झाली. त्या दिवशी सन कोणी पाठ केला नाही. लाच म्हणजे काय, हे मात्र पुस्तक न उघडता सगळ्यांना कळले.