फ्रेंच साधनांचे वाचन आणि प्रगत भाषाभ्यास

शिवाजीमहाराजांची कर्नाटकची स्वारी १६७७ साली झाली, तेव्हा फ्रेंच कंपनीचा फ्रांस्वा मार्तँ पाँडिचेरीस होता. त्याच्या आठवणी हे त्या स्वारीचे समकालीन साधन होय. आल्फ्रेद मार्तिनो यांनी त्या १९३१ ते १९३४ या काळात तीन खंडांत संपादून प्रसिद्ध केल्या. अशी साधने मुळातून वाचावयाची, तर प्रारंभिक वर्गातील फ्रेंच पुरे पडत नाही.

पहिली अडचण लेखनपद्धतीची. अनेक शब्दांतील अनुच्चारित ‘स’ फ्रेंच अकादेमीच्या कोशाने १७४० साली वगळला; भूतकाळी क्रियारूपांतील ‘ओ’च्या जागी ‘आ’ हे अक्षर १८३५ साली आले. त्यापूर्वीची हस्तलिखिते म्हणूनच अपरिचित भासतात. परंतु ही अडचण डोळ्यांना दिसते, त्यामुळे अभ्यासक सावध होतो.

अर्थांतराची अडचण मात्र दिसत नाही. ‘दाबॉर’ हा शब्द विद्यार्थी ‘प्रथम’ या अर्थी शिकतो. १७ व्या शतकात तो पुष्कळदा ‘तत्क्षणी’ या अर्थी येई. सैन्याच्या हालचालींचा क्रम लावताना हा भेद क्षुल्लक नव्हे. ‘प्रथम’ म्हटले की त्यामागून दुसरी घटना कल्पावी लागते. ‘तत्क्षणी’ने केवळ त्वरा सूचित होते. वाक्य सुबोध वाटते आणि इतिहास चुकतो.

यास्तव इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या प्रगत वर्गात १७ व्या शतकातील गद्याचे वाचन आवश्यक मानावे, आणि आधुनिक कोशाच्या जोडीस फ्युरतिएरचा १६९० चा व अकादेमीचा १६९४ चा कोश पाहण्याची सवय लावावी.