टर्कीशेजारची कोबी : थँक्सगिव्हिंगच्या ताटातला इतिहास

या भागाची ही लिखित आवृत्ती. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी आणि माझा आवाज सहन न होणाऱ्यांसाठी.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये टीममधल्या एकाने मला थँक्सगिव्हिंगसाठी त्याच्या घरी बोलावलं. घर बाल्टिमोरजवळ. मी शाकाहारी, त्यामुळे टर्की, क्रॅनबेरी, भोपळ्याचा पाय हे सगळं सिनेमात बघूनच माहीत होतं. टेबलावर बघतो तर टर्कीच्या शेजारी मोठं भांडं भरून आंबट वास येणारी कोबी! मला वाटलं चुकून आली असेल. त्याच्या आजी म्हणाल्या, "कोबी नसेल तर थँक्सगिव्हिंग कसलं?" त्या कोबीत एरवी डुकराचं मांस घालतात, म्हणून माझ्यासाठी त्यांनी एक छोटं भांडं वेगळं ठेवलं होतं.

ही कोबी कुठून आली, हे शोधता शोधता आजचा भाग तयार झाला.

आधी मूळ गोष्ट. 1621 च्या शरद ऋतूत प्लिमथ इथे इंग्रज वसाहतवाले आणि वाम्पानोआग लोक एकत्र जेवले. त्याबद्दल एडवर्ड विन्स्लोने लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात काय सापडतं? शिकार करून आणलेले पक्षी, प्रमुख मॅसासॉइट आणि त्यांची सुमारे 90 माणसं, त्यांनी आणलेली 5 हरणं, आणि 3 दिवस चाललेली मेजवानी. पत्रात टर्कीचं नाव नाही. भोपळ्याचा पाय नाही. थँक्सगिव्हिंग हा शब्दसुद्धा नाही.

मग आजचं ताट ठरवलं कोणी? बऱ्याच अंशी सारा जोसेफा हेल या बाईंनी. न्यू हॅम्पशायरच्या या लेखिकेने 1827 च्या 'नॉर्थवुड' कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं सविस्तर वर्णन केलं. टेबलाच्या मानाच्या जागी भाजलेली टर्की, शिवाय भोपळ्याचा पाय. पुढे मासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली की हा सण साऱ्या देशात एकाच दिवशी व्हावा. शेवटी 1863 मध्ये, ऐन यादवी युद्धात, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला.

म्हणजे 'पारंपरिक' ताट हे मुळात न्यू इंग्लंडचं ताट. आणि ते सगळ्यांना आवडलं असं अजिबात नाही. दक्षिणेत अनेकांना हा उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांचा सण वाटायचा. 1856 मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर हेन्री वाइझ याने तो जाहीर करायलाच नकार दिला. पुढे सण देशभर गेला खरा, पण प्रत्येक प्रदेशाने त्यात आपली वाटी सरकवली.

बाल्टिमोरची वाटी कोबीची. 1868 पासून जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून नियमित आगबोटी थेट बाल्टिमोरच्या लोकस्ट पॉइंट धक्क्याला लागायला लागल्या. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे आणि एका जर्मन जहाज कंपनीचा तसा करारच होता. बोटी येताना माणसं आणायच्या, जाताना तंबाखू न्यायच्या. जर्मन वस्ती शहरात आधीपासून होतीच, ती आता आणखी वाढली. 'डॉयचे कॉरेस्पाँडेंट' हे जर्मन वृत्तपत्र तिथे 1841 पासून निघत होतं.

आता सॉअरक्राउट, म्हणजे ही आंबवलेली कोबी, कशी होते बघा. शरद ऋतूत कोबीचं पीक येतं. कोबी बारीक चिरायची, मीठ चोळायचं, मातीच्या बरणीत दाबून वर वजन ठेवायचं. मिठामुळे कोबीला पाणी सुटतं, त्या पाण्याखाली हवा पोचत नाही आणि कोबी आंबायला लागते. चारसहा आठवड्यांत तयार. ऑक्टोबरमध्ये घातलेली बरणी उघडायची वेळ नेमकी नोव्हेंबरच्या शेवटी येते. आपल्याकडे कैऱ्यांच्या हंगामात लोणचं पडतं, तसंच हे. टर्कीशेजारी ती का आली याचं उत्तर इतकं साधं आहे. त्या वेळी घरात तीच तयार असायची, आणि जड मांसाबरोबर आंबट काहीतरी हवंच.

पण थांबा, खरी गोष्ट पुढे आहे. 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली आणि जर्मन असणं संशयास्पद झालं. सॉअरक्राउटला 'लिबर्टी कॅबेज' म्हणायची टूम निघाली. 1918 मध्ये 'डॉयचे कॉरेस्पाँडेंट' बंद पडलं. शहरातल्या जर्मन स्ट्रीटचं नाव बदलून रेडवुड स्ट्रीट झालं, फ्रान्समध्ये मारल्या गेलेल्या बाल्टिमोरच्याच एका अधिकाऱ्याच्या नावावरून. वृत्तपत्र गेलं, रस्त्याचं नाव गेलं, पुढच्या पिढ्यांत भाषाही गेली. कोबी मात्र राहिली. माझ्या सहकाऱ्याच्या आजींना जर्मन येत नाही. त्या घरात पणजोबांच्या गावचं उरलंय ते एवढंच, वर्षातून एकदा.

असंच दक्षिणेतल्या आफ्रिकन-अमेरिकन घरांत मॅकरोनी अँड चीज. जेम्स हेमिंग्ज हे थॉमस जेफरसनने गुलाम म्हणून ठेवलेले. जेफरसन 1784 मध्ये पॅरिसला गेला तेव्हा हेमिंग्जना बरोबर नेलं आणि फ्रेंच स्वयंपाक शिकवला. अशा गुलाम स्वयंपाक्यांच्या हातून हा पदार्थ दक्षिणेच्या स्वयंपाकघरांत रुजला. आज कित्येक घरांत तो कोणी करायचा हे ठरलेलं असतं, आणि ते काम नवख्या सुनेला मिळत नाही! गोडालाही भोपळ्याऐवजी रताळ्याचा पाय.

सगळ्याच परंपरा इतक्या खोल नसतात. हिरव्या शेंगांचं कॅसरोल हा जवळजवळ राष्ट्रीय पदार्थ 1955 मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या चाचणी-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली आणि त्यांच्या टीमने तयार केला. कंपनीला डबाबंद मशरूम सूप खपवायचं होतं. आणि तरीही, आजीने 40 वर्षं केलेलं कॅसरोल खोटं कसं म्हणणार? मला तरी म्हणवत नाही.

तुम्ही म्हणाल, यात आपला संबंध काय? दोन संबंध आहेत. पहिला गमतीचा. टर्की हा मूळ अमेरिकेचा पक्षी, पण तो 1612 मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारात पोचला, आणि तोही गोव्याहून. बादशहाला तो इतका अजब वाटला की त्याने चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

दुसऱ्या संबंधाआधी एक सगळ्यात वेगळी परंपरा सांगतो. 1970 मध्ये प्लिमथच्या आगमनाला 350 वर्षं झाली म्हणून सरकारी मेजवानी होती. वाम्पानोआग नेते वॉम्सुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं. आयोजकांनी भाषण आधी वाचलं आणि ते बदला म्हणाले. कारण त्यात 1621 नंतरचं सगळं होतं: गेलेल्या जमिनी, युद्धं. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम 1676 मध्ये मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्येच खांबावर लावलं गेलं. जेम्स यांनी भाषण बदलायला नकार दिला, आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी जाऊन ते बोलले. तेव्हापासून दरवर्षी तिथे 'शोक दिवस' पाळतात. त्यात येणारे अनेक जण आदल्या संध्याकाळपासून उपवास करतात.

आणि इथे दुसरा संबंध. आपल्या एकादशीच्या ताटात काय असतं? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, वरून हिरवी मिरची. यातली सगळी पिकं अमेरिका खंडातली. तिथल्या मूळ लोकांनी हजारो वर्षं शेतात निवडून निवडून घडवलेली. आपल्या पणजीला यातलं काहीच 'परदेशी' वाटलं नसेल.

त्या रात्री आजींनी कोबीचा डबा बरोबर दिला. पुढचे चार दिवस मी ती वरणभाताबरोबर खाल्ली. छान लागते, खरंच.

तुमच्या घरच्या सणाच्या ताटात असा एखादा पदार्थ असेल, ज्याचं कारण कोणालाच माहीत नाही, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. लवकर विचारा. आणि मलाही कळवा. भेटूया पुढच्या भागात!