पाणी पाहून वल्हे
सुरतेजवळच्या कोसाडपासून तापी दूर नाही. सतराव्या शतकात तिच्या मुखाशी वाळू साचल्यामुळे मोठी जहाजे सुवाळीस नांगर टाकीत. पुढे नदीतून लहान होड्या चालत. उथळ पाण्यात तळाशी टेकणारी काठी, खोल पाण्यात वल्हे, हा निवाडा पाणीच करी.

विसाव्या शतकात हवाई बेटांतील वायकिकीचे शिक्षक फळीवर उभे राहून वल्हवू लागले. त्यामुळे शिकाऊंवर व येणाऱ्या लाटांवर नजर राही. उभ्याने वल्हवायचे, तर वल्हे माणसाहून वीतभर उंच हवे. लाटांवर थोडे आखूड चालते. पुढे पाण्याखालच्या पंखावर उचलली जाणारी फळी आली. तिला आरंभीचा वेग देणे हे वल्ह्याचे मुख्य काम ठरले. मात्र मोठ्या पात्याचा मोह धरल्यास भार खांद्यावर येतो. आधी पाणी पाहावे, मग वल्हे निवडावे, हेच खरे.