चोळीची गाठ आणि मापाचा आकडा

मोजमाप शिकवताना आपण एक वस्तू नेहमी टाळतो, ती म्हणजे ब्रेसियर. तिचा इतिहास मात्र मापनाचाच आहे.

आपल्याकडची खणाची चोळी पुढे गाठ मारून घालत. बाळंतपणात अंग बदलले तरी गाठ सैल-घट्ट करता येई. १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी आपल्या ब्रेसियरचे पेटंट घेतले. तिचा पहिला नमुना होता दोन रुमाल आणि रिबीन. पुढे कारखान्यांतून तयार माल आला आणि गाठीची जागा आकड्याने घेतली. १९३०च्या दशकात अमेरिकेत कपांना ए, बी, सी, डी ही अक्षरे मिळाली.

अक्षर एकटे काहीच सांगत नाही. छातीचा घेर आणि तिच्या खालचा घेर यांतला फरक म्हणजे अक्षर. म्हणून ३४-बी व ३२-सी यांचे कप जवळजवळ सारखे. बदलतो तो पट्टा. भार मुख्यतः पट्ट्याने पेलायचा, खांद्यांनी नव्हे. पट्टा पाठीवर वर सरकत असेल, तर तो सैल आहे.

बोईसरसारख्या गावी संकोचलेली मुलगी मिळेल ते माप घेते आणि खेळाच्या तासाला मागे राहू शकते. शिक्षिकांनी तिला एक टेप आणि ही वजाबाकी द्यावी, असे आम्हांला वाटते.